गादी नवी, सीट जुनीच

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात जुनी एमजी किंवा जॅग्वार शोधायला कोणी जाणार नाही. त्या भागात जुने वाहन म्हणजे वर्षानुवर्षे कामाला जुंपलेला ट्रॅक्टर, फार तर एखादी जीप. पण मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत मिरवणारी दोन आसनी स्पोर्ट्स कार आणि काळ्या रानात ढेकळांवरून हेलकावे खाणारा ट्रॅक्टर यांचे एक दुखणे अगदी सारखे असते: सीट बसते. इलाजही दोन्हीकडे एकच. कुशनवाल्याकडे जायचे, फाटके रेक्झिन काढायचे, वरून जाड फोम टाकायचा आणि नवे कव्हर शिवून घ्यायचे. सीट कोरी दिसते, पहिल्या दिवशी मऊही लागते. माझे म्हणणे असे की या दुरुस्तीत बहुतेक वेळा भलताच भाग बदलला जातो. सीट दिसते गादीसारखी, पण काम स्प्रिंगचे करते. स्प्रिंगच मेलेली असेल तर वर कितीही फोम चढवा, कंबरेला त्याचा उपयोग नाही; उलट काही वेळा त्रास वाढतो.

वाढतो तो कसा, हे कंपनांच्या हिशेबातून कळते. बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेच्या कंपनांना सगळ्यात जास्त साथ देते ते साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांना. संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांचे मोजमाप ठरवणारे आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानकही याच पट्ट्याला सर्वाधिक वजन देते. आता सीटचे पाहा. प्रत्येक सीटला, तिच्यावर बसलेल्या माणसासकट, स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. त्या वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जलद कंपने सीट गाळते. त्याहून संथ कंपने ती तशीच वर पाठवते किंवा वाढवून पाठवते. सीटची वारंवारता २ हर्ट्झ असेल तर पावणेतीनच्या पुढची कंपने कमी होऊ लागतात. तीच ४ असेल तर साडेपाचपर्यंतचा सगळा मार वाढूनच पाठीत जातो, आणि नेमका तिथेच मणका सर्वात हळवा असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याला मोटारीसारखे सस्पेन्शन नसते, असतात ते टायर. त्यामुळे रानातले संथ, खोल हेलकावे थेट सीटखाली येऊन पोचतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे.

म्हणून सीट उघडली की नजर वरच्या थरावर थांबू नये. जुनी सीट वरून खाली सोलत गेले तर आधी रेक्झिन, मग चपटा झालेला स्पंज किंवा रबर लावलेला काथ्या, त्याखाली गोणपाट आणि सगळ्यात तळाशी तारेच्या स्प्रिंगा अशी रचना अनेकदा सापडते. गोणपाटाला स्प्रिंगच्या वेढ्यांनी गोल भोके पाडलेली असतात आणि फोम त्या भोकांतून खाली उतरलेला असतो. म्हणजे फोम ‘बसलेला’ नसतोच, त्याच्या पायाखालची जमीन गेलेली असते. शिलाईच्या भोकांतून पावसाचे पाणी आत जाते, उघड्या छिद्रांचा फोम ते धरून ठेवतो आणि तळच्या तारा गंजत राहतात. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीसह त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये स्प्रिंगांऐवजी पिरेलीच्या ताणलेल्या रबरी पट्ट्या असत. हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनने रबर वर्षागणिक कडक होते, तडकते, ढिले पडते. पट्ट्या बदलणे हे किरकोळ काम. तरी हौशी मंडळी त्या तशाच ठेवून वर उंची चामडे चढवतात. जुन्या ट्रॅक्टरांवरची रचना सर्वात प्रांजळ होती: पोलादी पट्टीच्या टोकाला पत्र्याचा भोकाभोकांचा वाडगा, बस्स. इटलीच्या कास्तिल्योनी या डिझायनर बंधूंना ती इतकी भावली की १९५७ मध्ये त्यांनी तोच वाडगा त्याच पट्टीसह घरातल्या स्टुलाला बसवला. दिवाणखान्यात ते शोभते. शेतात त्या पट्टीची उणीव अशी की ती भरपूर वाकते, पण हेलकावा शमवणारे तिच्यात काही नसते. एकदा झुलायला लागली की झुलतच राहते. पुढे सस्पेन्शन सीटमध्ये स्प्रिंगच्या जोडीला शॉक अॅब्सॉर्बर आला तो याच कारणाने.

फोमला मी नावे ठेवत नाही. ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनचे रसायन शोधले, आणि पुढे त्यातून निघालेल्या मऊ फोमने घोड्याचे केस आणि काथ्या यांना मोटारींतून जवळजवळ हद्दपार केले. फोम हेलकावा शोषतो, बैठकीच्या हाडांखालचा दाब पसरवतो. घोळ होतो तो बाजारातल्या बोलीमुळे. गिऱ्हाईक ‘४० डेन्सिटी’ मागते आणि ती कडकपणाची पातळी आहे असे समजते. ४० म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन ४० किलो, एवढेच. एकाच घनतेचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. घनतेवरून कळतो तो मुख्यतः टिकाऊपणा. पडताळाही सोपा आहे: अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर जाड तुकडा खरोखर ४० चा असेल तर काट्यावर बरोबर एक किलो भरतो. पाऊण किलोच भरला तर दुकानदाराने ३० चा माल दिला. मात्र चुऱ्यापासून दाबून केलेला फोम भरपूर वजन भरूनही सीटसाठी दगडासारखा निघतो, म्हणून काट्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

यावर पहिला आक्षेप गावातूनच येईल: ट्रॅक्टरच्या सीटवर पोते नाही तर गोधडीची घडी टाकून माणसे दिवसभर नांगरतात, त्यांना कुठे हा हिशेब लागतो? गोधडीचा फायदा खरा आहे. बीडच्या उन्हात तापलेल्या काळ्या रेक्झिनपासून ती वाचवते, घाम टिपते, दाब थोडा पसरवते. पण दोन बोटे जाडीचा थर चार हर्ट्झच्या हेलकाव्यापुढे नसल्यासारखाच. तिथे लागते ती हालचालीला जागा, आणि ती घडीत नसते. दुसरा आक्षेप जुन्या मोटारींच्या जाणकारांचा: मूळ काथ्या आणि मूळ टाके जपायचे, बसायला कसे लागते हा प्रश्न गौण. संग्रहालयात उभ्या गाडीपुरते हे मान्य. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे मूळपण मात्र ती चालकाला कोणत्या उंचीवर आणि किती झोल देऊन बसवते यातही असते. एमजीबी घ्या, की १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेली सॅन स्टॉर्म. अशा बुटक्या गाडीत सीटखाली जागाच कमी. तिथे चार सेंटीमीटर जादा फोम भरला की मांडी स्टिअरिंगला घासते, नजर काचेच्या वरच्या कडेला भिडते आणि पेडलचा कोन बिघडतो. टाके जुने राहिले तरी गाडी वेगळी होते.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार: हे मोजणार कोण, तालुक्याच्या गावी प्रयोगशाळा कुठे? त्याला उत्तर टेपात आहे. स्प्रिंगवर बसल्यावर माणूस किती खाली जातो, यावरून तिची नैसर्गिक वारंवारता निघते, आणि गंमत म्हणजे त्या सूत्राला माणसाचे वजन लागतच नाही. दीड सेंटीमीटर खाली गेला तर ४ हर्ट्झ, सहा सेंटीमीटर गेला तर २. फोम इथे फसवतो. जाड मऊ फोम सहा सेंटीमीटर दबतो खरा, पण तोवर त्याचा दम संपलेला असतो आणि पुढचा प्रत्येक हादरा थेट पत्र्यावर जातो. म्हणून बसल्यानंतर मांडीवर १० किलोची पिशवी घ्यावी आणि दुसऱ्याला पुन्हा मोजायला सांगावे. सीटवर ५० किलोचा भार असेल, तर सहा सेंटीमीटर दबलेली निरोगी स्प्रिंग त्या पिशवीने आणखी सुमारे १२ मिलिमीटर खाली जाईल. जेमतेम ३ मिलिमीटर गेली, तर बसताना कितीही मऊ लागलेली सीट हादऱ्यांसाठी ४ हर्ट्झचीच आहे. फोम हलत्या भाराला याहूनही ताठ वागतो, म्हणजे प्रत्यक्षात आकडा आणखी वाईट. अशा वेळी रेक्झिनचा रंग निवडण्याआधी कुशनवाल्याला सीट उलटी करायला सांगावी.