चांदीपुरा व्हायरस आपल्याच पेशीची वाहतूक व्यवस्था कशी वापरतो?

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमधून लहान मुलांच्या मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या आणि 'चांदीपुरा' हे नाव सगळ्यांच्या मोबाईलवर पोहोचलं. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदवले गेले, त्यातले ८२ दगावले. ६४ जणांना चांदीपुरा झाल्याचं तपासणीत निघालं.

नाव मात्र आपल्या महाराष्ट्रातलं. १९६५ मध्ये नागपूरकडे तापाची साथ आली होती. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला.

तो पसरवते मुख्यतः वाळूमाशी. डासाहून लहान. मातीच्या भिंतीतल्या भेगा आणि गोठ्यातला ओलावा तिला मानवतो. बीडकडची जुनी माळवदाची घरं आणि दारातला गोठा आठवा, म्हणजे तिला कसली जागा लागते ते कळेल.

आता पेशीच्या आत जाऊ. या विषाणूकडे फक्त पाच प्रथिनं आहेत. त्यातली चार पेशीतल्या द्रवातच तयार होतात. पाचव्याचा, म्हणजे 'जी' प्रथिनाचा, प्रवास लांबचा. कारण विषाणूच्या अंगावरचे काटे याचेच, आणि नव्या पेशीला चिकटायचं तर तेच लागतात.

'जी' तयार होतं आंतर्द्रव्यजालिकेत. (शाळेत हा शब्द पाठ करताना सगळ्यांचीच जीभ वळली होती.) तिथे त्याला नीट घडी पडते, साखरेचे रेणू जोडले जातात, तीन-तीनच्या जुड्या बनतात. घडी चुकली तर पेशी माल पुढे सोडतच नाही. जमली, तर बारीक फुग्यांत भरून तो गॉल्जी संकुलात जातो. तिथे साखरेची काटछाट होते आणि दुसऱ्या फुग्यांतून तो पेशीच्या बाहेरच्या पटलावर पोहोचतो. बाकीचा माल आतून तिथेच येतो, पटल फुगतं आणि नवा विषाणू बाहेर पडतो. थोडक्यात, एसटी पेशीची, डिझेलही पेशीचं, प्रवासी फुकटा.

गंमत म्हणजे हा रस्ता शास्त्रज्ञांना कळला, त्यात चांदीपुराच्याच एका भावाचा मोठा वाटा आहे. अमेरिका खंडात गाई-घोड्यांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या व्हीएसव्ही या विषाणूचं 'जी' प्रथिन वापरून जेम्स रॉथमन यांनी फुग्यांची वाहतूक उलगडली. त्यांना २०१३ चं नोबेल विभागून मिळालं. याच प्रथिनाचा एक बिघडलेला प्रकार ४० अंशाला जालिकेत अडकून राहतो आणि ३२ अंशाला आणलं की सगळा एकदम निघतो. १९९७ मध्ये त्याला चमकणारं प्रथिन जोडून हा प्रवास जिवंत पेशीत प्रत्यक्ष पाहिला गेला.

मग औषध देऊन हा रस्ताच बंद का करत नाहीत? कारण आपल्या पेशीची स्वतःची प्रथिनंही याच रस्त्याने जातात. सरसकट नाकाबंदी केली तर पेशीच मरेल. म्हणून लशीचा विचार होतो तेव्हा नजर वर दिसणाऱ्या 'जी'वर असते, कारण आपली प्रतिपिंडं त्यालाच पकडतात.

आज चांदीपुरावर लस नाही, खास औषधही नाही. ताप, झटके आणि मेंदूची सूज आटोक्यात ठेवणं हाच उपचार. काही मुलं ताप आल्यापासून दोन दिवसांतच दगावतात, त्यामुळे तापात झटके आले किंवा मूल बेशुद्ध पडू लागलं तर थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.