छोट्या संगणकाचा नवा बोर्ड घेण्यापूर्वी

इंग्लंडातील केंब्रिज येथे तयार झालेला ‘रास्पबेरी पाय’ हा एकाच बोर्डावरचा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रथम विक्रीस आला. किंमत ३५ डॉलर. विद्यापीठात संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांना प्रोग्राम लिहिण्याचा सराव पूर्वीच्या मुलांइतका उरलेला नाही, ही खंत त्याच्या उभारणीमागे होती. मुलांनी यंत्र नुसते वापरू नये, त्याला आज्ञा देण्यास शिकावे, हा हेतू. म्हणूनच हौशी शिक्षकांच्या घरी तो आढळला, तर नवल नाही.

समजा, एका शिक्षकाने २०१६ साली निघालेला तिसऱ्या आवृत्तीचा बोर्ड घरी लावला आहे. अंगणातील तपमान तो दर दहा मिनिटांनी नोंदवतो आणि परसबागेतील छोटा पंप सकाळ-सायंकाळ चालू-बंद करतो. वर्गातील मुले त्याच नोंदींवरून आलेख काढतात. अशा वेळी २०२३ साली निघालेली पाचवी आवृत्ती घ्यावी काय, असा प्रश्न पडतो.

वेगाचा विचार केल्यास फरक मोठा आहे. जुन्याचा वेग १.२ गिगाहर्ट्झ व स्मृती १ जीबी. नव्याचा वेग २.४ गिगाहर्ट्झ, आणि तो प्रथम ४ व ८ जीबी स्मृतीचा निघाला. पण तपमान नोंदवावयास हा वेग काय करावयाचा? त्या कामाला जुना बोर्डही अर्ध्या झोपेत पुरेसा आहे. मात्र त्यालाच पडदा व कळफलक जोडून मुलांना प्रोग्राम लिहावयास बसवावयाचे असेल, तर १ जीबी स्मृती अपुरी पडते, आणि तेथे नव्या बोर्डाचा खर्च सार्थकी लागतो.

ग्रामीण भागात याहून महत्त्वाची गोष्ट घड्याळाची आहे. जुन्या बोर्डांत स्वतःचे घड्याळ नाही. ते वेळ इंटरनेटवरून घेतात. रात्री दोन वाजता वीज गेली, पहाटे पाचला आली आणि इंटरनेट नसले, तर यंत्र आपल्या समजुतीने दोनच्या सुमारासच काळ मोजू लागते. पुढच्या सर्व नोंदी तीन तासांनी चुकतात आणि पहाटेचा गारवा मध्यरात्रीच्या नावावर चढतो! पाचव्या आवृत्तीत घड्याळ आहे. परंतु त्याची लहान बॅटरी वेगळी विकत घेऊन जोडावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अर्थात अडचण एवढीच असेल, तर जुन्या बोर्डाला घड्याळाचा स्वतंत्र तुकडा अल्प खर्चात जोडता येतो.

विजेच्या बाबतीतही फसगत होते. जुन्याला ५ व्होल्ट, २.५ अँपिअर पुरत. नव्याला ५ व्होल्टवरच ५ अँपिअर हवेत. मोबाइलचा ‘४५ वॅट’ लिहिलेला चार्जर पुरेल असे वाटते, पण असे चार्जर जास्तीची शक्ती व्होल्ट वाढवून देतात. ५ व्होल्टवर त्यांतून बहुधा ३ अँपिअरच मिळतात. मग बोर्ड चालू होतो, परंतु यूएसबीला जोडलेल्या वस्तूंना मिळणारी वीज तो स्वतःच आखडती घेतो. शिवाय नवा बोर्ड अधिक तापतो. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली पंखा लावल्यावाचून गत्यंतर नाही. जुनी डबी, पडद्याची वायर व ३.५ मिलिमीटरच्या पिनेचा ध्वनिवर्धक हेही नव्या बोर्डाला बसत नाहीत. हा सारा खर्च आधीच मांडावा.

चाळीस पिनांची रांग मात्र तशीच आहे, आणि घात होतो तो नेमका येथे. पिना त्याच असल्या, तरी त्या चालविणारी चिप बदलली आहे. त्यामुळे ‘आरपीआय डॉट जीपीआयओ’ या जुन्या संचावर लिहिलेला पंपाचा प्रोग्राम नव्या बोर्डावर चालत नाही. तो ‘जीपीआयओ झीरो’ वापरून पुन्हा लिहावा. काम फार नाही, मोठ्या मुलांकडूनही करवून घेता येईल. पिनांना ३.३ व्होल्टच सोसतात, हा नियम जुनाच. ५ व्होल्टची वायर चुकून लागली, तर बोर्ड कायमचा जातो.

आता कार्डाविषयी. जुने कार्ड काढून नव्यात घातले की काम झाले, ही समजूत चुकीची आहे. पाचवी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ वा तिच्या पुढील प्रणालीवरच सुरू होते. तेव्हा घाईने जुन्याच कार्डावर नवी प्रणाली चढविली जाते, आणि मुलांनी तीन वर्षे जपलेल्या तपमानाच्या नोंदी क्षणात पुसल्या जातात. त्या परत मिळतीलच असे नाही. यंत्र रीतसर बंद करून कार्ड काढावे, नोंदींची प्रत दुसऱ्या संगणकावर घ्यावी, ती उघडून पाहावी, आणि नव्या प्रणालीसाठी कार्डही नवेच आणावे.

तपमापकाचा दुसरा संवेदक थोड्या पैशांत मिळतो. तो नव्या बोर्डाला जोडून आठवडाभर दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी चालवावीत व मुलांकडून रोजच्या नोंदी ताडून घ्याव्यात. त्या जुळल्या, म्हणजे मगच जुन्याची वायर सोडवावी.