उमरा कापसाचा पांढरा

समईची कोरडी वात दुधासारखी पांढरी दिसते. तेलात बुडवली की तीच वात अर्धपारदर्शक होते. मग रंग गेला कुठे? खरे तर तो नव्हताच. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश सेल्युलोज शोषत नाही म्हटले तरी चालेल. तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश सगळीकडे विखुरतो, सारे रंग एकत्र परत येतात, आणि आपण त्याला पांढरा म्हणतो. तेल हवेच्या जागी शिरले की ती सीमाच पुसट होते. अमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ म्हणवल्या गेलेल्या वऱ्हाडी कापसाचा भाव ठरताना जो पांढरेपणा पाहिला जातो, तो हा.

त्या पांढऱ्यातून वजाबाकी मात्र दोन तऱ्हांनी होते. धूळ आणि पत्तीचा चुरा सगळेच रंग थोडेथोडे गिळतात, म्हणून कापूस करडा होतो. पऱ्हाटीवर फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला, बुरशी आली किंवा गुलाबी बोंडअळीने कवडी, म्हणजे किडकी घट्ट गुठळी, केली, तर तंतूवरचे डाग मुख्यतः निळा प्रकाश शोषतात आणि उरतो पिवळा. पहिला दोष जिनिंगच्या सफाईत बराचसा निघतो, दुसरा निघत नाही. पण भावात दोन्ही एकाच ‘मळका’ शब्दाखाली कापले जातात, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. हे दोन दोष वेगवेगळे मोजता येतात. डोरोथी निकरसन आणि रिचर्ड हंटर यांनी अमेरिकेत घडवलेल्या रंगमापकाचे तत्त्व कापूस तपासणाऱ्या आजच्या एचव्हीआय यंत्रात आहे. रुईचा पुंजका काचेवर दाबायचा, ४५ अंशांतून दिवा टाकायचा, सरळ परतणारा प्रकाश मोजायचा. आकडे दोन निघतात: ‘आरडी’ म्हणजे शंभरातला किती प्रकाश परतला, आणि ‘प्लस बी’ म्हणजे पिवळेपणा किती.

मुरलेल्या ग्रेडरची नजर यंत्राहून सरस असते, असे बाजारात म्हणतात. एका बाबतीत ते खरे आहे: यंत्र काचेपुरती सरासरी काढते, पुंजक्यात दडलेली एखादी कवडी त्याला कळत नाही, ग्रेडरचे बोट ती लगेच उचलते. पण निळ्या ताडपत्रीखाली पिवळा डाग गडद दिसतो आणि संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली नाहीसा होतो, याला नजर काय करणार? यंत्राचा दिवा स्वतःचा असतो. दुसरा आक्षेप असा की, गिरणीत हायड्रोजन पेरॉक्साइडने सगळे पांढरे होतेच. होते, पण बुरशीने कमजोर केलेल्या तंतूची ताकद त्यामुळे परत येत नाही. पिवळेपणा हा त्या नुकसानीचा पुरावा असतो, म्हणून त्याची कपात रास्त. धुळीची तितकीच कपात रास्त नाही.

अडचण वेगळीच आहे. हे यंत्र रुई मोजते, आणि अकोल्याच्या यार्डात गाडीतून उतरतो तो सरकीसकट कापूस. हमीभाव तंतूची लांबी आणि मायक्रोनेअर, म्हणजे बारीकपणा, पाहून ठरवलेला आहे, ओलावाही मीटरने पाहता येतो. रंग तेवढा नजरेवर राहतो. सरकी निघून गाठी बांधल्या जातात, नमुना प्रयोगशाळेत जातो, तोवर शेतकरी पावती खिशात घालून गावाच्या वाटेला लागलेला असतो.