वडगावचा नाकबूल तह

आंदर मावळातील माणसे टाकव्यावरून कान्हे फाट्यास उतरून ज्या वडगावास कोर्टकचेरीसाठी जातात आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तासन्‌तास खोळंबून राहतात, त्याच वडगावात जानेवारी 1779 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने मराठ्यांपुढे हात टेकले, ही गोष्ट इतकी सर्वश्रुत आहे की ती नाकारणारा मनुष्य वेड्यातच काढला जाईल. परंतु मागील अडीचशे वर्षांचे दप्तर उलगडू लागले म्हणजे ध्यानात येते की तिच्यावर पाणी फिरविण्याचा पहिला उद्योग, तहाचा कागद लिहून होतो न होतो तोच, त्यावर सही करणाऱ्यांनीच आरंभला होता.

1819 मध्ये, नेपोलियन सेंट हेलेना बेटावर हयात असतानाच, रिचर्ड व्हेटली नामक इंग्रज धर्मपंडिताने असा कोणी सम्राट झालाच नसावा असे अत्यंत गंभीर मुद्रेने प्रतिपादन केले. चमत्कारांच्या साक्षीवर अविश्वास दाखविणाऱ्या तत्त्वज्ञ ह्यूमची तर्कपद्धती त्याने ह्यूमच्याच गळ्यात बांधली होती. तीच फुटपट्टी वडगावास लावून पाहावी. रघुनाथरावांस पुण्याच्या मसनदीवर बसविण्यास निघालेली सुमारे 3,900 शिपायांची पलटण खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचे जेमतेम आठ मैल अकरा दिवसांत तोडते, हे कोणा शहाण्याने खरे मानावे? आपल्याच जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून, सामानसुमान पेटवून देऊन, पुणे हाकेच्या अंतरावर आलेले असता रात्रीच्या काळोखात पाठ फिरविणारी फौज पृथ्वीच्या पाठीवर कोणी पाहिली आहे? आणि कार्ल्याच्या लढाईत पडलेल्या शत्रूच्या कप्तान स्टुअर्टास त्याला मारणाऱ्यांच्याच मुलुखाने ‘इष्टूर फाकडा’ म्हणून देवपण द्यावे, हा तर उघडउघड भाकडकथेचा मासला! तात्पर्य, लढाई झालीच नाही. (सत्याची एक मोठी खोड अशी की ते संभाव्य दिसण्याची तसदी घेत नाही, रचलेल्या गोष्टीस मात्र ती घ्यावीच लागते.)

हा विनोद आपल्याकडे फार काळ विनोद राहिला नाही. पु. ना. ओकांनी 1964 मध्ये इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्थाच काढली, ताजमहाल शहाजहानाने बांधलाच नाही असे ग्रंथावर ग्रंथ लिहून सांगितले, आणि अखेर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. व्हेटलीच्या धंद्यावर गदा आली ती अशा निष्ठावंतांमुळेच.

तथापि कंपनीची तऱ्हा याहून सरस. तिने लढाई नाकारली नाही, पराभवही नाकारला नाही. नाकारला तो अखत्यार. कलकत्त्याच्या मंजुरीवाचून तह करण्याची मुखत्यारी आम्हांस नाही, असे कंपनीतर्फे वाटाघाटीस आलेल्या फार्मरने सांगितले, तेव्हा मग कलकत्त्यानेच केलेला पुरंदरचा तह मोडण्याची मुखत्यारी तुम्हांस कोणी दिली, असा खोचक सवाल मराठ्यांकडून आला; आणि त्यावर उत्तर नसल्यामुळे साष्टी परत देणे, रघुनाथरावांस हवाली करणे, बंगालहून येणारी फौज थांबविणे ही कलमे मुकाट्याने लिहून दिली गेली. फार्मर आणि एक लेफ्टनंट ओलीस राहिले. मोहिमेच्या कमिटीतील कर्नाकने बंगालची फौज थांबविण्याचा हुकूम धाडला खरा, पण घाट उतरताच पहिले काम कोणते केले, तर तो हुकूम तहकूब ठेवला. मुंबईच्या कौन्सिलाने तह नामंजूर केला, कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने त्याहून कडक शब्दांत केला, आणि कर्नाक व फौजेचे कर्नल एगर्टन व कॉबर्न यांस विलायतेच्या डायरेक्टरांनी बडतर्फ केले. म्हणजे जो तह झालाच नाही तो केल्याबद्दल तिघांच्या नोकऱ्या गेल्या.

पुढे 1782 मध्ये सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. भडोच मात्र मराठा सरदार महादजी शिंद्यांस मिळाले, आणि ते कशाबद्दल, हे कंपनीने स्वच्छ लिहून ठेवले: वडगावी मुंबईकरांशी दाखविलेल्या औदार्याबद्दल आणि ओलीस ठेवलेल्या साहेबांस माणुसकीने वागवून सोडून दिल्याबद्दल.