वर्ग चारकोपला, शिक्का दिल्लीचा

मंजुरीच्या कागदाचे महत्त्व चारकोपच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला पसरलेली ही वसाहत मुळी कागदावरच जन्माला आली. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेतला गेला, आणि त्यात चारकोपला लहान लहान भूखंड पाडण्यात आले. सरकारने द्यावयाचे ते जमीन, पाणी, गटार आणि रस्ता. घर मात्र ज्याचे त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधावयाचे. मधे चौक, भोवती घरे आणि त्यांची मिळून एक सोसायटी, असा सारा बेत. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन घरे उभी केली, पुढे त्यांवर मजले चढविले. पण वाटपाचे पत्र ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवावयास कोणी विसरले नाही.

आता याच घरांतून कॉलेज भरू लागले आहे. स्वयंपाक आटोपून, मुलाला शाळेत सोडून आलेली सून मोबाइल भिंतीला टेकवून एम.ए.चे व्याख्यान ऐकते. दिवसभर दुकानात उभा राहणारा मुलगा रात्री जेवणानंतर बी.कॉम.चा धडा उघडतो. २०२३ च्या जानेवारीत मेट्रो अंधेरीपर्यंत धावू लागली, तरी नोकरी सांभाळून कॉलेजचा वर्ग गाठणे काही साधत नाही. अशा माणसांना घरबसल्या पदवी म्हणजे दारी आलेली गंगाच. पण हा कोर्स खरोखर मंजूर आहे का, हे विचारावयाचे मात्र पुष्कळांच्या मनातच येत नाही. घर घेताना सात ठिकाणी चौकशी करणारी माणसे कोर्सची फी भरताना केवळ जाहिरातीवरच्या हसऱ्या चेहऱ्यावर विसंबतात, याचे नवल वाटते.

घरी बसून पदवी घेण्याची कल्पना तशी नवी नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये तोच मार्ग धरला. त्या काळी टपालाने धड्यांची पाकिटे येत, आणि पोस्टमन हाच प्राध्यापक! १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी शिक्षण माणसाच्या दाराशी नेण्याचा ध्यास घेतला होता. शिकणाऱ्याला घर, शेत, कारखाना सोडून यावे लागू नये, हा त्यामागचा विचार. आज पाकिटाच्या जागी पडदा आला एवढेच.

मग मंजुरीची एवढी यातायात कशाला? समजा, उपनगरातल्या एका कॉलेजातील प्राध्यापिकाबाईंच्या मनात आले की, आपला विषय नोकरदार मुलींसाठी निम्मा घरून आणि निम्मा वर्गात शिकवावा. हेतू चांगला, मुख्याध्यापकांसारखे वागणारे प्राचार्यही अनुकूल. तरी बाईंना पहिलीच ठेच लागते ती ‘निम्मा’ या शब्दाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या मे महिन्यात मिश्र अध्यापनाविषयी जे टिपण काढले, त्यात ऑनलाइन शिकविण्याचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत सुचविला होता. बाकीचे शिकविणे समोरासमोर. त्याच वर्षीच्या नियमांनी सरकारी ‘स्वयम्’ मंचावरच्या विषयांचे श्रेयांकही एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत धरण्यास मोकळीक दिली. पूर्वी, २०१६ च्या नियमांत, ही मर्यादा २० टक्के होती. तेव्हा बाईंनी आपला बेत थोडा आखडता घ्यावयाचा, आणि तो अभ्यासमंडळापुढे ठेवावयाचा. तेथून विद्याशाखा, तेथून विद्वत् परिषद. कॉलेज स्वायत्त असेल तर त्याची अभ्यासमंडळे आणि विद्वत् परिषद घरचीच. नसेल तर सारा कारभार विद्यापीठाच्या दारी. बैठक महिन्यातून एकदा होईल असे धरून चालू नये.

आणि सगळीच पदवी ऑनलाइन द्यावयाची म्हटली तर? साध्या संलग्न कॉलेजला तो दरवाजा बंदच आहे. २०२० च्या सप्टेंबरात आयोगाने मुक्त, दूर आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे नियम जारी केले. त्याआधी सहा महिने टाळेबंदीमुळे साऱ्या देशाचे वर्ग पडद्यावर गेले होते. पण ती अडचणीतली सोय, आणि पदवी म्हणजे कायमचा करार, हा भेद नियमांनी ठेवला. आपल्या मूल्यांकनात नॅककडून चारपैकी किमान ३.२६ गुण मिळविणारे, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत ठराविक वेळा पहिल्या शंभरांत आलेले विद्यापीठ, असा उंबरठा घालण्यात आला. प्रत्येक अभ्यासक्रमाचा प्रकल्प अहवाल विद्यापीठाच्या अधिकार मंडळाने मान्य केलेला हवा. शिकविण्याचे चार पदर हवेत: चित्रफितीवरील व्याख्यान, वाचावयाचा मजकूर, शंका विचारण्याची जागा आणि स्वतःची परीक्षा स्वतः घेण्याची सोय. गुणवत्तेवर नजर ठेवणारे अंतर्गत केंद्र वेगळे. इतके सारे जुळल्यावर दिल्लीचा शिक्का!

वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या, वास्तुशास्त्र, कायदा यांसारख्या विषयांच्या पदव्या या वाटेने द्यावयाच्याच नाहीत, आणि पीएच.डी.ही नाही. रुग्णाची नाडी मोबाइलवर धरता येत नाही, हे कोणालाही पटेल. कायद्याच्या बाबतीत तितके सहज पटत नाही. पण ते असो.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की ही तर बाबूशाही! मलाही काही कलमे वाचताना तसे वाटले. मात्र २०१८ साली जे घडले ते आठवले म्हणजे जीभ आवरावी लागते. मुंबई विद्यापीठाच्या नॅक मूल्यांकनाची मुदत २०१७ मध्ये संपली होती, आणि नवे मूल्यांकन झालेले नव्हते. दूरशिक्षणाला ३.२६ गुणांची अट त्याच सुमारास आली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने मान्य संस्थांची यादी काढली. तीत कलिन्याच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेचे नाव नव्हते! जवळजवळ अर्ध्या शतकाची संस्था, हजारो विद्यार्थी, आणि ऐन प्रवेशाच्या हंगामात प्रवेश द्यावेत की थांबवावेत हेच कळेना. पुढे त्याच वर्षी आयोगाने मान्यता दिली, आणि गाडे मार्गी लागले. २०२१ मध्ये विद्यापीठाला ३.६५ गुण आणि सर्वोच्च श्रेणी मिळाली, तेव्हा तो प्रश्न मिटला.

त्या दोन महिन्यांत विद्यापीठाचे फारसे काय बिघडले असेल? इमारत जागेवर होती, पगार चालू होते. बिघडण्याची भीती होती ती नोकरी करून शिकणाऱ्याची. वर्षभर रात्र जागवून अभ्यास करावयाचा आणि शेवटी हातातली पदवी बढतीच्या अर्जाला चालत नाही असे ऐकावयाचे, यासारखी फसगत नाही. मंजूर संस्थेची दूर किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे आयोगाने २०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा एकदा जाहीर केले. त्यातला ‘मंजूर’ हा शब्द मात्र लहान अक्षरात वाचून चालणार नाही.

मला खटकते ते वेगळेच. ३.२६ चा उंबरठा मोठ्या विद्यापीठांना ओलांडता येतो. पण चारकोपच्या मुलीला ओळखणारे, तिची अडचण जाणणारे कॉलेज बहुधा तिच्या घराजवळचे, लहान आणि संलग्न असते. त्याने फक्त ४० टक्क्यांचे गणित मांडीत बसावयाचे. शिवाय चार पदरांचे व्याख्यान तयार करावयास बाईंना तासन्तास लागतात. त्यांच्या रोजच्या तासिकांचा भार हलका केला नाही तर त्या तरी काय करतील? मंजुरी मागताना कॅमेरा किती आणि संगणक किती हे लिहावे लागते. बाईंचा वेळ कोठून आणावयाचा, हा रकाना मला कोठे दिसला नाही.

एकदा मिळालेली मंजुरी अजरामर असते असेही समजू नये. २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषण असे आरोग्याशी संबंधित विषय जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूर व ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास मनाई केली. कारण झाले आरोग्यसेवेतील व्यवसायांसंबंधीचा २०२१ चा कायदा. मानसशास्त्रात एम.ए. करीन म्हणून पैसे बाजूला टाकणाऱ्या गृहिणी चारकोपलाही असतीलच. त्यांना आता दुसरा विषय धरावा लागेल, नाहीतर रोज गाडीने वर्ग गाठावा लागेल.

तेव्हा फी भरण्यापूर्वी घरातल्या कोणीतरी, शक्यतो चष्मा लावून, आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी पाहावी. यादीत विद्यापीठाचे नाव आहे एवढ्याने भागत नाही. आपला विषय, आपले सत्र आणि पद्धत, म्हणजे दूर की ऑनलाइन, ही तिन्ही जुळावी लागतात. प्रवेशाची सत्रे वर्षातून दोन, जुलै-ऑगस्टचे आणि जानेवारी-फेब्रुवारीचे. २०२४ पासून विद्यार्थ्याला स्वतःचा एक क्रमांकही या विभागाकडून काढावा लागतो, आणि तो श्रेयांक-पेढीच्या खात्याला जोडलेला असतो. ‘आमच्याकडे द्या, आम्ही काढून देतो’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला तर त्याला नम्रपणे चहा पाजावा, आणि क्रमांक स्वतःच काढावा. दिवाळीचा फराळ संपता संपता जानेवारीच्या सत्राच्या जाहिराती सुरू होतात.