राज्य कोणावर?

लहानपणी आपण सारेच लपंडाव किंवा शिवाशिवी खेळलो आहोत. त्या खेळांत ज्याला डोळे मिटून उभे राहावे लागे किंवा इतरांच्या मागे धावावे लागे, त्याच्यावर 'राज्य' आले असे आपण म्हणत असू. राज्य 'मिळाले' नव्हे, 'आले'. ते अंगावरून झटकण्याकरिता जो तो धडपडे. शासनव्यवस्थेवर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांना जे चटकन सुचत नाही, ते आपल्या पोरांच्या बोलीने सहज सांगून ठेवले आहे. खेळ म्हटला की राज्य आलेच, आणि राज्य म्हटले की ते कोणावर आणि कोणत्या नियमाने, हा तंटाही आलाच.

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. एका हौशी ज्ञानकोशकाराची आवड म्हणे व्हिडिओ गेम आणि शासनसंस्था! ह्या दोहोंचा संबंध तो काय? विकिपीडियावर लिहिणारे स्वयंसेवक आपल्या परिचयाच्या पानावर आपापल्या आवडी नोंदवतात. कोणी आगगाड्या लिहितो, कोणी फुलपाखरे. एखादा ही जोडगोळी लिहितो. मलाही आरंभी ती विजोडच वाटली. थोडा शोध घेतल्यावर मत बदलले. ते का बदलले, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम हा संपादक कोण ते पाहू. मराठीत ज्ञानकोशाचे दोन मोठे प्रयत्न आपण जाणतो. डॉ. केतकरांनी भागधारक आणि वर्गणीदार गोळा करून, अपार कष्टाने ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली शासनाच्या आश्रयाने वाईस विश्वकोशाचे काम चालले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. २००१ च्या जानेवारीत सुरू झालेला विकिपीडिया ह्या दोहोंहून निराळा. त्याला वर्गणीदार नाही, सरकारचा आश्रय नाही, आणि लेखकाला मानधनही नाही. जो येईल तो लिहितो, दुसरा येऊन ते दुरुस्त करतो. बंधने मात्र कडक आहेत. आपले मत घालावयाचे नाही, आपले स्वतंत्र संशोधन घालावयाचे नाही, आणि जे लिहावयाचे त्याला प्रसिद्ध झालेला विश्वसनीय आधार दाखवावयाचा. विद्वानाला हे जड जाते. हौशी माणूस ते निमूटपणे पाळतो, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता खेळांकडे येऊ. पडद्यावरच्या आरंभीच्या खेळांपैकी एक मुळी सरकारी छायेतच जन्मला. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन ह्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाचे पदार्थवैज्ञानिक होते. अणुबाँबच्या कामात त्यांचा सहभाग होता आणि पुढे अण्वस्त्रांच्या नियंत्रणासाठी त्यांनी चळवळही केली. १९५८ साली प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये, म्हणून त्यांनी आलेख दाखविणाऱ्या एका छोट्या काचपडद्यावर टेनिसचा खेळ मांडून दिला. लोकांनी रांगा लावल्या.

पण राज्य आणि खेळ ह्यांची खरी कुस्ती पाहावयाची तर मॉस्कोला गेले पाहिजे. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेइ पाजित्नोव्ह हा तरुण नोकरीस होता. १९८४ साली त्याने 'टेट्रिस' हा खेळ तयार केला. चार चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात आणि खेळणाऱ्याने ते खाली फट न ठेवता बसवावयाचे, एवढाच खेळ. त्याच्या यंत्रावर चित्रे काढण्याचीही सोय नव्हती. कंसांची चिन्हे जोडून त्याने चौकोन उभे केले. खेळ हातोहात पसरला, सरहद्द ओलांडून हंगेरीत आणि तिथून पश्चिमेत गेला. आणि मग प्रश्न निघाला की ह्याचा मालक कोण?

करणाराच मालक, असे आपण म्हणू. पण त्या देशात ते तसे नव्हते. संगणकाच्या आज्ञावलींचा परदेशी व्यापार 'एलॉर्ग' नावाच्या सरकारी संस्थेकडे होता, आणि पाजित्नोव्हने आपले हक्क दहा वर्षांकरिता राज्याच्या हवाली केले. १९८९ च्या फेब्रुवारीत तीन निरनिराळे व्यापारी जवळजवळ एकाच वेळी मॉस्कोत येऊन थडकले. त्यांपैकी हेंक रॉजर्स हा तर आमंत्रण नसतानाच आला होता. एलॉर्गचे अधिकारी बेलिकोव्ह ह्यांच्या ध्यानात आले की पूर्वी एका मध्यस्थाशी झालेल्या कराराचा अर्थ ताणून तो मध्यस्थ नको तितके हक्क विकून बसला आहे. त्यांनी काय करावे? त्यांनी सुधारित करारात 'संगणक' ह्या शब्दाची व्याख्याच घातली. संगणक म्हणजे ज्याला कळफलक आहे, पडदा आहे, तबकडी चालविण्याची सोय आहे, असे यंत्र. त्या एका वाक्याने दूरदर्शन संचाला जोडावयाची आणि हातात धरावयाची खेळयंत्रे त्या मध्यस्थाच्या हक्कातून अलगद बाहेर पडली. ते हक्क पुढे जपानच्या निन्टेन्डो कंपनीला मिळाले, आणि तिच्या हातयंत्रावर ह्या खेळाच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती खपल्या. एक चतुर कारकुनी व्याख्या काय करू शकते ते पाहा! मामलेदार कचेरीत आयुष्य गेलेल्या आपल्यातील मंडळींना ह्यात नवल वाटणार नाही.

पाजित्नोव्हला ह्यातून रॉयल्टी मिळू लागली ती १९९६ पासून, दहा वर्षांची मुदत सरल्यावर. तोवर सोव्हिएत राज्यच उरले नव्हते. हे सारे ज्ञानकोशात लिहावयाचे तर लेखकाला खेळ कळला पाहिजे, स्वामित्वहक्काचा कायदा कळला पाहिजे, आणि सोव्हिएत नोकरशाहीही कळली पाहिजे. त्या दोन आवडी एका माणसात का नांदतात, हे मला प्रथम येथे उमगले.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. राज्य खेळाच्या बाहेर असते तसे ते खेळाच्या पोटातही असते. १९८९ साली विल राइट ह्यांचा 'सिमसिटी' निघाला. ह्यात शत्रू नाही की बंदूक नाही. आपण नगराचे प्रमुख. वसाहत, बाजार आणि कारखाने ह्यांचे पट्टे आखावयाचे, वीज न्यावयाची, कर ठरवावयाचा. राइट ह्यांनी जे ग्रंथ वाचले त्यांत जे फॉरेस्टर ह्यांचे 'अर्बन डायनॅमिक्स' हे १९६९ चे पुस्तक होते. फॉरेस्टर मूळचे अभियंते. बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स ह्यांच्या सहवासात त्यांनी शहराचे गणित मांडले, आणि गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहर सुधारण्याऐवजी खालावते, असा धक्कादायक निष्कर्ष काढला. त्यावर टीका झाली ती मुख्यतः अशी की, उत्तर यंत्राने दिले खरे, पण गृहीतके माणसानेच घातली होती.

खेळाचेही तसेच आहे. कर वाढविला की वस्ती रोडावते, हे सिमसिटीत ठरूनच गेले आहे. घर वरती आणि दुकान खाली, अशी आपल्या पेठांतील वस्ती त्यात बसतच नाही, कारण तिथे वसाहतीचा पट्टा वेगळा आणि बाजाराचा वेगळा. पुण्याची तुळशीबाग त्या नकाशावर कशी आखणार? शिवाय साध्या खेळात त्या नगरप्रमुखाला निवडणूक लढवावी लागत नाही, आणि ही सोय तर आपल्या कित्येक नगरसेवकांना हेवा वाटावा अशी! १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन' ह्या खेळात एकाधिकारशाहीपासून लोकशाहीपर्यंत राज्यपद्धती निवडता येतात, आणि एकीतून दुसरीत जाताना मध्ये काही काळ अराजक सोसावे लागते. लोकशाहीत भ्रष्टाचार शून्य, पण सैन्य परमुलुखात पाठविले की नगरात असंतोष. भ्रष्टाचार शून्य हे वाचून आपण हसाल. पण मुले हे हसत नाहीत, ती ते शिकतात. नियमाच्या रूपाने आलेले मत हे मत म्हणून ओळखूच येत नाही. असल्या खेळावर लेख लिहिणाऱ्याने ते ओळखावे आणि तरीही आपले मत न घालता, कोणी काय टीका केली तेवढेच नोंदवावे, ही अपेक्षा सोपी नाही.

ह्या कोशाचेही एक छोटे राज्यच आहे. इंग्रजी विकिपीडियात संपादकांचे तंटे विकोपाला गेले की निवडलेल्या स्वयंसेवकांची लवाद-समिती निवाडा करते. २०१४ साली व्हिडिओ गेमच्या जगात 'गेमरगेट' नावाचा मोठा गदारोळ उठला. त्या क्षेत्रातील स्त्रियांचा अत्यंत हीन रीतीने छळ झाला, धमक्या दिल्या गेल्या. त्यावरचा लेख कसा असावा ह्यावरून संपादकांत महिनोन्‌महिने जुंपली, आणि जानेवारी २०१५ मध्ये समितीने काही संपादकांना त्या विषयावर लिहिण्यास बंदी केली. ज्याला खेळांची आवड त्याच्या अंगावर राज्य येते ते असे.

सरकारेही स्वस्थ नसतात. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन खेळ बंद केले, आणि दहा वर्षांनी तो कायदा रद्द केला. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी संध्याकाळी ८ ते ९ एवढाच तास ठेवला. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कॅलिफोर्नियाचा हिंसक खेळांवरील निर्बंध मोडून काढला आणि खेळालाही ग्रंथासारखेच भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असे ठरविले. आपल्याकडे वाद कौशल्याचा. १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांबाबतच्या खटल्यात कौशल्य आणि जुगार ह्यांत भेद केला गेला, १९६८ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच पुसला. कौशल्य असो वा दैव, पैसा लावला की बंदी. घरातला मुलगा मोबाइलवर पगार उडवून बसलेला ज्यांनी पाहिला त्यांना हा कायदा पटेल. ज्यांची त्या धंद्यात नोकरी होती त्यांना तो पटणार नाही. कोशाच्या लेखात दोघांनाही जागा द्यावी लागते.

आणि इथेच दोन्ही आवडींतला फरक दिसतो. टेट्रिसवर चूक लिहिली तर कोणी फार तर रागावेल. शासनावर खरे लिहिले तर काय होईल हे देशावर अवलंबून आहे. तुर्कस्तानने २९ एप्रिल २०१७ रोजी सगळ्या भाषांतील विकिपीडिया बंद केला. घटना न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते असे म्हटल्यावर, १५ जानेवारी २०२० ला तो पुन्हा उघडला. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनवरील आक्रमणाच्या काळात बेलारूसमध्ये एका संपादकाला पोलिसांनी पकडले. तो काही राजकारणी नव्हता. आपल्यासारखाच संध्याकाळी घरी बसून नोंदी दुरुस्त करणारा माणूस होता.

एक अडचण राहिली, ती आधाराची. सरकारचे कागद निदान दप्तरखान्यात तरी पडून असतात. खेळांचे तसे नाही. २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत, तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत असे आढळले. त्यांच्यावर तेव्हा जे लिहून आले ती मासिके रद्दीत गेली. म्हणून हे संपादक जुन्या अंकांच्या शोधात असतात. ज्याच्याकडे असा अंक सापडेल त्याला विचारतात की अमुक पानाचे छायाचित्र पाठवाल का, तारीख वाचता येईल असे. मग ती एक तारीख लेखात चढते आणि तिच्यापुढे आधाराचा बारीक आकडा लागतो.