रक्तातील दाहसूचके आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे फलानुमान

प्रस्तावना :

मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग हा जगातील प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभर या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले व सुमारे ९ लाख मृत्यू झाले. रोगाची अवस्था ठरविण्यासाठी आज टीएनएम ही पद्धत वापरली जाते. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आहे, लसीकाग्रंथी बाधित आहेत काय आणि रोग दूरच्या अवयवांत पोहोचला आहे काय, या तीन गोष्टींवर ती आधारलेली आहे. तथापि एकाच अवस्थेतील दोन रुग्णांपैकी एक शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बरा होतो, तर दुसऱ्याचा रोग पुन्हा उद्भवतो. याचे एक कारण असे की, रोगाची वाटचाल केवळ गाठीवर नव्हे, तर रुग्णाच्या शरीराच्या प्रतिसादावरही अवलंबून असते. हा प्रतिसाद साध्या रक्ततपासणीतून कितपत कळू शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दाह आणि कर्करोग यांचा संबंध :

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच कर्करोगाच्या ऊतींतील पांढऱ्या पेशींकडे लक्ष वेधून दाह व कर्करोग यांचा संबंध सुचविला होता. जखम भरून काढणारा अल्पकालीन दाह उपकारक असतो. दीर्घकाळ टिकणारा दाह मात्र गाठीच्या वाढीस पोषक ठरतो. गाठ व तिच्या भोवतालच्या पेशी इंटरल्युकिन-६ यासारखी द्रव्ये रक्तात सोडतात. त्यांच्या प्रभावाने यकृतात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची (सीआरपी) निर्मिती वाढते व अल्ब्युमिनची घटते. रक्तातील न्यूट्रोफिल व बिंबिका वाढतात, तर कर्कपेशींचा नाश करणाऱ्या लिम्फोसाइट पेशींचे प्रमाण कमी होते.

प्रमुख दाहसूचके :

१) न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर : समजा, दोन रुग्णांच्या पांढऱ्या पेशींची एकूण संख्या प्रति घन मिलिमीटर ८,००० आहे. पहिल्याच्या रक्तात न्यूट्रोफिल ६० टक्के व लिम्फोसाइट ३० टक्के असल्यास गुणोत्तर २ येते. दुसऱ्याच्या रक्तात हेच प्रमाण ८० व १० टक्के असल्यास ते ८ येते. एकूण संख्येत न दिसणारा फरक गुणोत्तरात स्पष्ट होतो. शस्त्रक्रियेपूर्वी हे गुणोत्तर ५ पेक्षा अधिक असलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. नंतरच्या अनेक अभ्यासांनी या निष्कर्षाच्या दिशेला पुष्टी दिली.

२) सुधारित ग्लासगो गुणांक : स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील संशोधकांनी सीआरपी व अल्ब्युमिन यांची सांगड घातली. सीआरपी प्रति लिटर १० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास ०, त्याहून अधिक असल्यास १ आणि त्यासोबत अल्ब्युमिन प्रति डेसिलिटर ३.५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास २ गुण दिले जातात. गुण वाढतात तसे फलानुमान प्रतिकूल होत जाते.

उपयुक्तता :

या तपासण्या स्वस्त असून तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकतात. पहिल्या गुणोत्तरासाठी तर शस्त्रक्रियेपूर्वी नेहमी होणारी रक्तगणनाच पुरते. दुसऱ्या अवस्थेतील रुग्णांबाबत त्यांचे विशेष महत्त्व संभवते. या अवस्थेत लसीकाग्रंथी बाधित नसतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचार द्यावेत की नाहीत, हा प्रश्न कठीण असतो. अनावश्यक उपचारांचा त्रास व खर्च एकीकडे आणि रोग उलटण्याचा धोका दुसरीकडे, अशा पेचात रुग्ण व त्याचे कुटुंब सापडते.

मर्यादा :

दाहसूचके कर्करोगाची ओळख पटवीत नाहीत. न्यूमोनिया, क्षयरोग, संधिवात, आतड्यातील अडथळा अथवा स्टेरॉइड औषधे यांमुळेही हे आकडे बदलतात. गुणोत्तराची सर्वमान्य सीमारेषा अद्याप ठरलेली नाही. निरनिराळ्या अभ्यासांत ती सुमारे २ ते ५ अशी वेगवेगळी धरली गेली. बहुतेक अभ्यास जुन्या नोंदींवर आधारित आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फलानुमान सांगणे आणि विशिष्ट उपचाराचा लाभ होईल काय हे सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुणोत्तर जास्त असलेल्या रुग्णाचा धोका अधिक असू शकतो. परंतु केवळ त्यामुळे रसायनोपचारांनी त्याला अधिक लाभ होईल, हे सिद्ध होत नाही. म्हणूनच उपचारांचा निर्णय आजही रोगाची अवस्था, गाठीची खोली, तपासलेल्या लसीकाग्रंथींची संख्या आणि गाठीची जनुकीय वैशिष्ट्ये यांवर प्रामुख्याने घेतला जातो.

निष्कर्ष :

टीएनएम पद्धत रोग कोठवर पोहोचला हे सांगते, तर दाहसूचके शरीर त्याला कसा प्रतिसाद देत आहे याची कल्पना देतात. ती परस्परांना पूरक आहेत, पर्यायी नाहीत. समूहाबाबत काढलेला निष्कर्ष एका व्यक्तीचे भवितव्य ठरवीत नाही. म्हणून अहवालातील एखाद्या वाढलेल्या आकड्याने रुग्णाने खचून जाऊ नये आणि सामान्य आकडा पाहून शस्त्रक्रियेनंतरच्या नियमित तपासण्याही टाळू नयेत.